घाट, तराफा आणि मुंबईतले पाच दिवस

शुक्रवार : खेतवाडी

महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरले तेव्हा घशाला कोरड पडली होती. साताऱ्याहून घेतलेली पाण्याची बाटली पुणं यायच्या आतच संपली होती. टॅक्सीने खेतवाडीत आले, चाळीचे तीन जिने चढले, आत्याच्या पाया पडले आणि लहानपणच्या सवयीने स्वयंपाकघरातल्या कळशीकडे हात गेला.

"थांब गं, प्रवासातून आलीस ना? शिवू नकोस. मी ओतते."

आत्याने तांब्याने वरून धार धरली, मी ओंजळ केली. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. हात थरथरतो, पण धार चुकत नाही. मी येणार म्हणून तिने पहाटे उठून सांज्याच्या पोळ्या करून ठेवल्या होत्या. मायेत कुठे काही कमी नव्हतं. तरी ते पाणी वरून पडत होतं आणि मी वाकून पीत होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदाच नीट दिसलं.

मी आले होते अण्णांच्या वर्षश्राद्धासाठी. गेल्या पौषात, शहाऐंशीव्या वर्षी अण्णा साताऱ्याला गेले. शेवटची तीन वर्षं मी त्यांच्याजवळ होते. औषधं, पथ्य, रात्रीची जागरणं सगळं केलं. दहाव्याला संगम माहुलीच्या घाटावर गेलो तेव्हा गुरुजी म्हणाले, "मुलगा आहे ना? मग मुलीला अधिकार नाही. तुम्ही तिकडे बसा." मी तिकडे बसले. कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथल्या एका दगडावर बसून धाकट्या भावाला पिंड ठेवताना पाहिलं. भावाचा काही दोष नव्हता, त्याला त्या दिवशी काही सुचतच नव्हतं. पण ते "तिकडे बसा" वर्षभर काट्यासारखं सलत राहिलं.

त्या वर्षात जमेल तेवढं वाचलं. मुलगा, नातू, पणतू नसतील तर पत्नी, मुलगी, मुलीचा मुलगा यांना श्राद्धाचा अधिकार धर्मग्रंथच देतात. म्हणजे मी बाई म्हणून नाकारलेली नव्हते, रांगेत माझा नंबर मागे होता. हे कळून बरं वाटावं की वाईट, ते मला ठरवता आलं नाही. माझं अडलं होतं वेगळ्याच ठिकाणी. ज्या परंपरेने माणसाला ‘ते तूच आहेस’ असं सांगितलं, तिनेच ‘तू तिकडे बस’ हे कसं सांगावं? श्राद्ध मंगळवारी बाणगंगेवर होतं. आत्याला प्रवास झेपत नाही म्हणून भावाने मुंबई ठरवली होती. मी मुद्दाम चार दिवस आधी आले. हा प्रश्न घेऊन मला हिंडायचं होतं.

संध्याकाळी पायी निघाले. विठ्ठलभाई पटेल रस्त्यावर प्रार्थना समाजाचं मंदिर आहे. आख्खा चौक त्या नावाने ओळखला जातो, बसमध्ये "प्रार्थना समाज एक" म्हणून तिकीट मागणारे लोक मी लहानपणापासून ऐकलेत. पण त्या इमारतीकडे मान वर करून पाहणारे फार थोडे. ३१ मार्च १८६७ रोजी डॉ. आत्माराम पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी समाजाची स्थापना केली. पुढे न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्णपंत भांडारकर आले. मूर्ती नाही, जातीचा विचार नाही, एका ईश्वराची उपासना, आणि आधाराला तुकोबांसारख्या संतांचे अभंग. बाहेरून काही उसनं आणण्याऐवजी आपल्याच घरातलं तळाचं काढून त्यांनी वर ठेवलं, हे मला त्यांचं मोठं काम वाटतं.

पण त्याहून मला जवळची वाटते ती त्याआधीची गोष्ट. आत्मारामांचे थोरले भाऊ दादोबा पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली. ती गुप्त होती. सभासद व्हायचं तर जात मानणार नाही अशी शपथ घ्यावी लागे आणि ख्रिश्चनाने भाजलेला पाव खाऊन दाखवावा लागे. पावाचा एक तुकडा! आज त्याच गिरगावात सकाळी पाववाल्याची सायकल आली नाही तर घरं खोळंबतात. १८६० मध्ये सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा मोडली. ही माणसं भित्री नव्हती, शिकलेली होती, विचार पक्के होते. पण संध्याकाळी त्यांना त्याच चाळीत, त्याच शेजारात परतायचं होतं. कर्मठपणाची ताकद पोथीत फार थोडी असते, ती शेजारच्या खोलीच्या दारात उभी असते, असं मला तिथे उभ्या उभ्या वाटलं. माहुलीच्या घाटावर मी का उठून बोलले नाही, याचंही उत्तर त्यात थोडं होतं.

परतताना खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत गेले. अण्णांनी उमेदीची बावीस वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवण्यात घालवली. सुट्टीच्या दिवशी ते या गल्लीत यायचे, निसर्गदत्त महाराजांकडे. महाराजांचं मूळ नाव मारुती कांबळी, जन्म १८९७ चा. विड्यांचं दुकान होतं. १९३३ मध्ये सिद्धरामेश्वर महाराजांची भेट झाली, तीन वर्षांत गुरू गेले, आणि या गृहस्थाने संसार व दुकान सांभाळून गुरूने सांगितलेली एकच गोष्ट धरून ठेवली: ‘मी आहे’ ही जी जाणीव प्रत्येकाला असते तिच्यावर थांबायचं आणि ती कुठून येते ते पाहायचं. त्यांचे मराठीतले संवाद मॉरिस फ्रिडमन यांनी इंग्रजीत नेले, १९७३ मध्ये पुस्तक आलं आणि खेतवाडीच्या पोटमाळ्यावर परदेशातून माणसं येऊन मांडी घालून बसू लागली. ८ सप्टेंबर १९८१ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, ते इथेच राहिले.

आत्याला हे कधी रुचलं नाही. "विडी वळणारा माणूस ब्रह्म सांगणार? आणि अण्णा ऐकणार?" असं ती तेव्हाही म्हणायची. अण्णांना मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. देह, देव, जन्म, मृत्यू यांतलं काहीच खरं नाही असं तासभर सांगणारे हेच महाराज बोलणं संपलं की गुरूंच्या तसबिरीपुढे टाळ घेऊन भजनाला उभे राहायचे, रोज, न चुकता. मी कॉलेजात असताना अण्णांना विचारलं होतं, मग ते भजन कशासाठी? अण्णांनी थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, "पोहता आलं म्हणून कुणी घाट पाडत नाही, बाळ. मागून येणाऱ्याला पायऱ्या लागतात."

शनिवार : कान्हेरी

चर्नी रोडवरून बोरिवली लोकल, तिथून राष्ट्रीय उद्यानाचं फाटक, आत बसने लेणी. प्रवासाबद्दल एवढंच पुरे.

कान्हेरीला शंभरावर बौद्ध लेणी आहेत, बेसाल्टच्या एकाच टेकडीत कोरलेली. काम सुमारे हजार वर्षं चाललं, सातवाहनांच्या काळापासून पार दहाव्या शतकापर्यंत. एवढ्या काळात श्रद्धेचं रूप कसं पालटतं ते इथे चालता चालता दिसतं. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात, शेवटी नुसता स्तूप आहे, चेहरा नसलेला, गोल, शांत दगड. आणि त्याच चैत्याच्या ओसरीत दोन्ही अंगांना वीस फुटांहून उंच बुद्धमूर्ती आहेत, त्या नंतरच्या शतकांतल्या. आधी खूण होती, मग रूप आलं. पुढच्या काही लेण्यांत तर अवलोकितेश्वराला, करुणेच्या बोधिसत्त्वाला, संकटातून सोडवण्यासाठी हाक मारणारी माणसं कोरली आहेत: बुडणारं जहाज, हत्ती, साप. ज्या बुद्धाने स्वतःच स्वतःचा दीप व्हायला सांगितलं त्याच्या मार्गावर माणूस पुन्हा "मला वाचव" म्हणत उभा राहिला. मला त्यात घसरण दिसली नाही. समुद्रावर माणसं पाठवणारे सोपारा-कल्याणचे व्यापारी इथे दान द्यायचे. त्यांना रात्री झोप लागायला काहीतरी हवंच होतं.

मला सगळ्यात आवडल्या त्या पोढी. जवळपास प्रत्येक विहाराच्या, भिक्षूंच्या राहत्या लेण्याच्या, दाराशी कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं, आणि पावसाचं पाणी तिकडे वळवणारे पन्हाळ. ज्यांनी घर सोडलं, संसार सोडला, त्यांनीही पाण्याची सोय मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुरेल अशी केली. कोणी कोणत्या टाक्यातून प्यायचं याचा भेद त्या दगडात कुठे दिसत नाही. दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लेखांत आहेत, त्यांत सोनार आहे, व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाया तिकडे बसल्या नव्हत्या, लेखात नावानिशी उभ्या आहेत.

नव्वदाव्या लेण्यात आणखी एक नवल आहे: पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख, इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये इथे येऊन गेलेल्या पारशांचे. अग्नीची उपासना करणारी माणसं हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंची लेणी पाहायला एवढी टेकडी चढली आणि आपली नावं ठेवून गेली. आज आपल्यासारख्याला अग्यारीच्या उंबऱ्यापर्यंतच जाता येतं. मला त्याचा राग येत नाही. आपला देश सोडून आलेल्या मूठभर लोकांनी अग्नी जपायचा तर कुंपण घातलंच पाहिजे, हे समजतं. मुलगी बाहेर लग्न करते तेव्हा तेच कुंपण तिच्या आणि तिच्या बापाच्या शेवटच्या दर्शनाच्या मध्ये उभं राहतं, हेही मी पाहिलेलं आहे. शेजारच्या घरातच.

दुपारी एका पोढीच्या काठावर डबा उघडला. मज्झिम निकाय या बौद्धांच्या पाली ग्रंथातल्या अलगद्दूपम सुत्तात एक दृष्टांत आहे, तो तिथे आठवल्यावाचून राहिला नाही. एक प्रवासी दुथडी भरलेल्या पाण्याशी येतो. नाव नाही, पूल नाही. तो गवत, काटक्या, फांद्या गोळा करून तराफा बांधतो आणि हातापायांनी वल्हवत पैलतीराला जातो. मग त्याच्या मनात येतं, या तराफ्याने माझ्यावर केवढे उपकार केले, आता याला डोक्यावर घेऊनच पुढे चालावं. बुद्ध भिक्षूंना विचारतात, हा माणूस बरोबर करतो आहे का? भिक्षू नाही म्हणतात. मग ते सांगतात की माझी शिकवणही तरून जाण्यासाठी आहे, धरून बसण्यासाठी नाही. स्वतःची शिकवण. कोणता धर्मसंस्थापक आपल्याच शब्दांबद्दल असं बोलला असेल?

आणि मला एकदम तुकोबा ऐकू आले. ‘वेदांचा तो अर्थ आम्हांसीच ठावा । येरांनी वाहावा भार माथां ।।’ हा अभंग मी पस्तीस वर्षं वर्गात शिकवला. त्यातला भार मी नेहमी पोथ्यांचा समजत आले. इथे पाण्याकडे बघताना तो तराफा दिसला, डोक्यावरचा, वाळून कडक झालेला, ज्याच्याखाली मान वाकली आहे.

अण्णांचा घाट आणि बुद्धांचा तराफा. दोन्ही पाण्याशीच आहेत आणि दोन्ही मला पटतात. घाट जागेवर राहतो, येणाऱ्याला उतरवतो. तराफा एकदाच लागतो. मग माझ्या वाट्याला जो नियम आला तो यांतला कोणता?

चैत्यगृहात पांढऱ्या साड्या नेसलेल्या दहाबारा बायका त्रिशरण, बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जाण्याची वचनं, म्हणत होत्या. त्या दगडी कमानीखाली तो आवाज इतका भरून आला की मी खांबाला टेकून बसून राहिले. त्यांतल्या एक मावशी, सत्तरीच्या, विक्रोळीच्या, निघताना म्हणाल्या, "उद्या दादरला या, ताई. चैत्यभूमीला. एकट्याच आलाय ना? मी असते रविवारी."

रविवार : दादर आणि माहीम

दादर चौपाटीला गेले. ६ डिसेंबरची गर्दी नव्हती. पाच-सहा कुटुंबं, फुलं, मेणबत्त्या, समुद्र. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांवर इथे अंत्यसंस्कार झाले. त्याआधी आठच आठवडे, १४ ऑक्टोबरला, त्यांनी नागपुरात लाखो लोकांसह धम्म स्वीकारला होता.

माझ्या प्रश्नावर सर्वांत नेमकं कुणी लिहिलं असेल तर त्यांनी. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी भाषण तयार केलं. मंडळाला मजकूर झेपला नाही, भाषण झालंच नाही, मग त्यांनी ते स्वतः छापलं. त्यात ते नियम आणि तत्त्व वेगळे करतात. नियम पाककृतीसारखा असतो, काय करायचं आणि कसं करायचं ते सांगतो. तत्त्व विचार करायला लावतं आणि जबाबदारी माणसावर टाकतं. तत्त्व चुकीचं असू शकेल, पण त्याला धरून केलेली कृती जाणती असते. नियम बरोबर असला तरी त्याने केलेली कृती यंत्रासारखी. आणि ज्याला आपण धर्म म्हणतो तो नियमांचा ढीग झाला आहे, म्हणून तो गेला पाहिजे आणि त्याजागी तत्त्वांचा धर्म आला पाहिजे, असं ते म्हणतात.

विक्रोळीच्या मावशी कठड्याशी भेटल्या. चहा घेता घेता मी पंढरपूरचा विषय काढला. साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून १ ते १० मे १९४७ असं दहा दिवसांचं उपोषण केलं, हे मी वर्गात भरल्या गळ्याने सांगायची. मावशी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "आमची आई वारी करायची. जन्मभर कळसाचंच दर्शन घेतलं तिनं. देऊळ उघडलं तेव्हा शेजारणी म्हणाल्या, चल आता आत. आई म्हणाली, आता नको. एवढी वर्षं त्याला बाहेर येता आलं नाही का?"

मला उत्तर सुचलं नाही. चोखोबांचा अभंग ओठांवर आला होता, ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा ।।’ पण तो मी त्यांना ऐकवणं शोभलं नसतं. पायरीपाशी ज्यांना थांबवलं त्यांचीच ओळ, थांबवणाऱ्यांच्या घरातल्या बाईने म्हणायची?

कारण इथे मला एक सांगायलाच हवं. साताऱ्याच्या आमच्या घरात मागच्या दाराच्या कोनाड्यात एक वेगळी कपबशी होती. झाडलोट करायला येणाऱ्या बाईंसाठी. कान तुटलेला पांढरा कप. निसर्गदत्तांच्या पायाशी बसून ‘दुसरा कुणी नाहीच’ हे ऐकून आलेल्या अण्णांनी तो कधी काढला नाही. रोज सकाळी ज्ञानेश्वरीची ओवी वाचून ते त्याच दारातून बाहेर जायचे. आई गेल्यावर घर माझ्या हातात आलं, तरी पुढची दोन वर्षं तो कप तिथे होता. एक दिवस मी तो काढला, पण त्या बाईंना काहीच बोलले नाही. माफीसुद्धा मागितली नाही.

म्हणून वरचा नियम वाईट आणि खोलचं तत्त्वज्ञान चांगलं एवढ्यावर मला थांबता येत नाही. अद्वैत आपल्याकडे हजार वर्षांहून अधिक काळ आहे. आपण ते पाठ केलं, त्यावर टीका लिहिल्या, भजनात आळवलं, आणि हात मात्र कोनाड्यातल्या कपापाशी तसाच ठेवला. पैठणच्या वाळवंटात उन्हाने पोळणारं महाराचं मूल उचलून कडेवर घेणाऱ्या एकनाथांची गोष्ट आपण सांगत आलो. ती गोष्ट सांगावी लागते, कारण तसं करणारे विरळा. खोली हातापर्यंत पोचली नाही तर तीही एक पोथीच होते. कदाचित जास्त धोक्याची, कारण ती असल्याने माणसाला आपण सुटलो असं वाटतं.

मावशींना मी कपाचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "आमच्याबी नशिबी होता असला कप," एवढंच म्हणाल्या. मग माझे चहाचे पैसे त्यांनीच दिले, मला देऊ दिले नाहीत.

तिथून माहीमला. मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्यात संध्याकाळी हिंदू-मुसलमान सारखेच असतात. डिसेंबरातल्या उरुसाला मुंबई पोलिसांची चादर वाजतगाजत येते. नवसाचे धागे, गुलाब, लोबानाचा धूर. किती जणांना माहीत असेल की इथे निजलेला माणूस (१३७२ ते १४३१) कोकणातला मोठा पंडित होता, त्याने कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं, आणि इब्न अरबी या सूफी तत्त्वज्ञाचा ‘अस्तित्व एकच आहे’ हा विचार उचलून धरला? खेतवाडीच्या पोटमाळ्यावर जे बोललं जायचं त्याला शोभेल असा विचार. भाष्य मूठभर अभ्यासकांकडे उरलं, लोकांकडे उरली एक गोष्ट: लहानपणी रात्री आईने पाणी मागितलं, तो घेऊन आला तोवर आईला डोळा लागला होता, आणि तो पेला हातात धरून पहाटेपर्यंत तसाच उभा राहिला. जाळीजवळ एक बाई आपल्या नातवाला हीच गोष्ट सांगत होती. भाष्याचा एक शब्दही न वाचता त्या पोराला काहीतरी मिळालं असणार. मला तिथे अण्णांच्या उशाशी ठेवलेलं फुलपात्र आठवलं आणि मी बाहेर येऊन उभी राहिले.

सोमवार

सोमवारी घारापुरी बंद असते, त्यामुळे लाँचचा बेत गेला. दुपारी भाऊ पुण्याहून येणार होता. त्याआधी ओहोटी पाहून हाजीअलीला जाऊन आले. २०१२ च्या सुमारास इथे मजारीपर्यंत जायला बायकांना बंदी झाली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्या कोर्टात गेल्या, २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उठवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बायका पुन्हा आत गेल्या. पुन्हा, हा शब्द महत्त्वाचा. त्याआधी त्या आत जातच होत्या. ‘परंपरेने चालत आलेलं’ म्हणून जे पुढे केलं जातं त्याचं वय कधी कधी माझ्या शिवणयंत्राहून कमी असतं.

संध्याकाळी गच्चीवर भावाला विचारलं, उद्या तुझ्या मनात काय असेल?

"खरं सांगू, ताई? गेल्या वर्षी अण्णा एकदाही डोळ्यांसमोर आले नाहीत. जानवं कुठल्या खांद्यावर, पाणी कुठल्या बोटांवरून, याचीच धास्ती. तू तिकडे बसून रडत होतीस तेव्हा मला वाटलं, निदान हिला रडता तरी येतंय."

एक वर्ष मी त्याला अधिकार मिळालेला समजत होते.

मंगळवार : बाणगंगा

सकाळी सातला टॅक्सीने वाळकेश्वर. आत्याने रेशमी सोवळं नेसलं होतं आणि गाडीतही ती अंग चोरून बसली होती. दोन दीपमाळांच्या मधून खाली उतरलं की मलबार हिलचे मनोरे वर राहतात आणि समोर चौकोनी तळं, चहूबाजूंनी पायऱ्या. शिलाहार राजांच्या पदरी असलेल्या लक्ष्मण प्रभूंनी ते ११२७ मध्ये बांधलं असं सांगतात. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी पाणी गोडं. पलीकडे स्मशानाजवळ सिद्धरामेश्वर महाराजांची समाधी आहे. अण्णा खेतवाडीतून इथवर पायी यायचे.

इथले गुरुजी साठीचे, कामात वाकबगार, भराभर म्हणत होते. भाऊ अपसव्य करून, म्हणजे जानवं उजव्या खांद्यावर घेऊन, बसला, बोटात दर्भाचं पवित्रक, ताम्हन, काळे तीळ. मी दोन पायऱ्या वर, आत्या माझ्याही वर. पिंडदान झालं. शेवटी तर्पण आलं. ओंजळीतलं पाणी अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडायचं, त्या जागेला पितृतीर्थ म्हणतात. गुरुजी म्हणत होते: आब्रह्मस्तम्बपर्यन्तं देवर्षिपितृमानवाः...

"गुरुजी, थोडं थांबाल? या ओळींचा अर्थ सांगाल का?"

ते थांबले. माझ्याकडे वळून पाहिलं. चिडले नाहीत. मला वाटतं, बऱ्याच दिवसांत त्यांना कुणी विचारलं नसावं.

"ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत," ते सावकाश म्हणाले, "देव, ऋषी, पितर, माणसं, सगळे तृप्त होवोत. आई, आईचे वडील, सगळे. मागे कोट्यवधी कुळं होऊन गेली, सातही द्वीपांवर जे जे राहतात, त्या सगळ्यांना हे तिळाचं पाणी."

सप्तद्वीपं पुराणातली आहेत, मला माहीत आहे. पण सात बेटं जोडून झालेल्या या शहरात बसून ते ऐकताना मला माहीमचा दर्गा दिसला, दादरची चौपाटी दिसली, विक्रोळीच्या मावशींची आई कळसाकडे बघत उभी असलेली दिसली. ज्या विधीने मला तिकडे बसवलं त्याच्याच पोटात हे होतं. इतकी वर्षं भराभर म्हटलं जात होतं.

"गवताच्या काडीलासुद्धा," मी म्हणाले. पुढचं मला बोलता आलं नाही.

भाऊ म्हणाला, "गुरुजी, ताईला देऊ दे ना पाणी. तीन वर्षं तिनेच दिलंय."

गुरुजींनी क्षणभर तळ्याकडे पाहिलं. "क्रमाने अधिकार यांचा होता, तो यांनी बजावला. आता तुम्हाला तुमच्या वडिलांना पाणी द्यायचं असेल तर नाही म्हणणारा मी कोण? या. सांभाळून, पायरी निसरडी आहे."

मी खाली उतरले. भावाने सरकून जागा केली. ओंजळीत पाणी घेतलं, गुरुजींनी तीळ घातले. अण्णांचं नाव घेतलं. आईचं घेतलं. मग ज्या बाईंना वीसहून अधिक वर्षं त्या कपातून चहा दिला त्यांचं नाव घेतलं. त्याही आता नाहीत. गुरुजींनी ते ऐकलं, त्यांच्या लक्षात आलं की ते आमच्या कुळातलं नाव नव्हे, आणि त्यांनी तीळ पुन्हा पुढे केले.

वाकताना माझा पदर पाण्यात जायला लागला होता. मागून कुणीतरी तो उचलून धरला. वळून पाहिलं तर आत्या दोन पायऱ्या उतरून खाली आली होती. टॅक्सीतून आलेला, रस्त्याचा, ओवळा पदर तिने आपल्या थरथरत्या हाताने घट्ट धरला होता.

"सावकाश गं," ती म्हणाली. "अण्णाला कधी घाई नसायची."